तुम्ही विचारलंत म्हणून: हो, माझं नाव खरंच धोंडू आहे

गेल्या आठवड्यात ऐरोलीला, आमच्या ऑफिसात, एका नव्या पोरानं शेवटी धीर केला. तीन महिने माझ्या शेजारच्या खुर्चीत बसतोय. कँटीनमध्ये मिसळीचा पाव मोडता मोडता म्हणाला, "सर, राग मानू नका, पण धोंडू हे तुमचं खरं नाव आहे की सगळे प्रेमानं म्हणतात?"

प्रेमानं धोंडू म्हणणारं माणूस मला अजून भेटायचंय. प्रश्न मात्र जुनाच. बँकेत केवायसीच्या वेळी काउंटरवरची मुलगी आधार कार्डाकडे बघते, माझ्याकडे बघते आणि "पूर्ण नाव सांगा ना, सर" म्हणते. जसं काही धोंडू हे कशाचं तरी आखूड केलेलं रूपच असणार. सासुरवाडीला पहिल्यांदा गेलो तेव्हा बायकोच्या मावशीनं हळूच विचारलं होतं, "ऑफिसात पण हेच लावता?" अमेरिकेतल्या क्लायंटनं हा प्रश्न स्वतःपुरता सोडवून टाकलाय. तो मला डॉन म्हणतो. सोमवारी सकाळी "हाय डॉन" अशी मेल उघडली की लोकमान्यनगरच्या चाळीतला माणूस क्षणभर का होईना, छाती पुढं काढून बसतो.

तर तुम्ही सगळ्यांनी विचारलंत म्हणून एकदाच नीट लिहितो.

खरं नाव आहे. जन्मदाखल्यावर, दहावीच्या सर्टिफिकेटवर, पॅन कार्डावर, सगळीकडे हेच. जन्म १९७९ चा, माघ महिन्यातला. हा महिना मुद्दाम सांगितला, कारण लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले काका हमखास "धोंड्याच्या महिन्यातले का?" असं विचारतात आणि उत्तराची वाट न बघता जिलबीकडे वळतात.

काकांचा अंदाज चुकतो, पण तो वेडगळ नाही. आपलं चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, सौर वर्ष ३६५ चं. दर वर्षी पडणारी ११ दिवसांची तूट साठत जाते आणि साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक अख्खा महिना जादाचा घालून ती भरावी लागते. ज्या चांद्र महिन्यात सूर्य रास बदलत नाही, म्हणजे ज्यात संक्रांतच येत नाही, तो अधिक महिना. कुणी त्याला मलमास म्हणतं, भाविक पुरुषोत्तम मास म्हणतात, घरात मात्र धोंड्याचा महिना. लग्न-मुंजी बंद, जावयाची चंगळ. कणकेत पुरण भरून उंडे करतात, त्यांनाही धोंडेच म्हणतात. २०२३ साली १८ जुलैला अधिक श्रावण लागला तेव्हा सासूबाईंनी डोंबिवलीला बोलावून मला ते वाढले आणि मेहुणा म्हणाला, "धोंड्याला धोंडे!" हाच विनोद त्यानं २०२० च्या अधिक आश्विनात फोनवर केला होता.

या महिन्यात झालेल्या पोराला धोंडू म्हणत, हे खरं. मी त्यातला नव्हे, एवढंच.

दुसरा एक रस्ता नौपाड्यातल्या एका ओळखीच्या गुरुजींनी दाखवला होता. ते म्हणाले, "अहो, धोंडू म्हणजे धुंडिराज. साक्षात गणपती!" काशीला विश्वनाथाजवळ धुंडिराज गणपती आहे. ढुंढ् म्हणजे शोधणे, हिंदीतलं ढूँढना त्याच घरातलं, आणि भक्तांना हवं ते शोधून देतो तो ढुंढिराज. दादासाहेब फाळक्यांचं मूळ नाव धुंडिराज गोविंद फाळके, हे तर शाळेतही शिकवतात. काही घरांत धुंडिराजाचा बोलता बोलता धोंडू झालाही असेल. मला हे फारच पटलं. पंधरा दिवस मी भेटेल त्याला गणपती सांगत सुटलो होतो. मग आईच्या कानावर गेलं. ती हसली. "खंयचो धुंडिराज?" म्हणाली आणि पुन्हा भाजी निवडायला लागली.

धोंडू म्हणजे धोंडा. दगड. पायावर पाडून घेतात तो, गळ्यात बांधतात तो.

शाळेत याचा अर्थ मला कुणी समजावून सांगावा लागला नाही. पहिला पाऊस लांबला की आमच्या वर्गाला काम मिळायचं. गावाकडे पाऊस ओढ देतो तेव्हा एका पोराला कडुनिंबाच्या डहाळ्यांनी झाकून घरोघर फिरवतात, बायका त्याच्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओततात आणि पोरं ओरडतात, "धोंडी धोंडी पाणी दे!" ठाण्यात कडुनिंब शोधायची तसदी कोण घेणार? वॉटरबॅगा होत्या, आणि मी होतो. वर्गात संतोष चार, सचिन तीन, प्रशांत-योगेश-मंगेश जोडीजोडीनं, आणि धोंडू एकच. गॅदरिंगच्या नाटकात चहाचा ट्रे घेऊन येणाऱ्या गड्याचं नाव धोंडू होतं. ते काम मला द्यायचं ठरलं तेव्हा बाईंना त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट म्हणाल्या, "नाव पाठ करायला नको."

एकोणिसाव्या वर्षी मी नाव बदलायचं ठरवलं. त्या काळी फॉर्म भरून, प्रतिज्ञापत्र जोडून नाव राजपत्रात छापून आणायचं, म्हणजे आपल्या भाषेत गॅझेट करायचं. मित्राकडे राजपत्राचा एक जुना अंक होता. रात्री दिव्याखाली तो मी कादंबरीसारखा वाचला. बारीक टायपात डावीकडे जुनं नाव, उजवीकडे नवं. डावीकडे दगडू, केराबाई, भिकू. उजवीकडे दिनेश, कविता, विकास. गावाकडून निघालेली एक अख्खी एसटी एका रात्रीत शहराच्या डेपोत लागावी तशी ती पानं होती. मी माझ्या उजव्या रकान्यासाठी धनंजय निवडलं. धन मिळो न मिळो, आद्याक्षर तेच राहील, सह्या बदलायला नकोत.

वडील वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत फिटर. त्यांनी फॉर्म पाहिला, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि सेकंड शिफ्टला निघून गेले. आई ओट्यापाशी सुक्या बोंबलांची डोकी मोडत बसली होती. ती मोडणं न थांबवता बोलायला लागली.

माझ्या आधी दोन मुलगे झाले होते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. पहिला सुहास. आठ महिन्यांचा असताना गोवरानं गेला. दुसरा श्रीकांत, चाळीस दिवसांचा. माझ्या वेळी दिवस राहिले तेव्हा आजीनं सुनेला देवगडजवळच्या आमच्या गावी नेलं आणि जाहीर केलं, "दोन चांगली नावां फुकट गेली. आता वायट ठेवया."

जन्मल्यावर मला पाळण्यात घातलं नाही. सुपात कोंडा पसरून त्यावर ठेवलं आणि सूप उंबऱ्याबाहेर. ठरल्याप्रमाणे शेजारची एक म्हातारी आली, "हे कुणाचं टाकलेलं?" म्हणाली, मला उचलून आपल्या घरी घेऊन गेली. थोड्या वेळानं आजी तिच्या दारात गेली आणि ओंजळभर तांदूळ देऊन मला विकत घेऊन आली. आता पोर त्या घरचं नव्हतंच. ज्या घरातली पोरं जातात त्या घराशी त्याचा संबंध काय? अंगावर घालायला पाच घरांतून जुने कपडे मागून आणले. सुहाससाठी आईनं हिरव्या खणाची कुंची शिवली होती, ती ट्रंकेतच राहिली. बाराव्या दिवशी आत्यानं कानात नाव सांगितलं तेही हलक्या आवाजात, पेढे-बर्फी काही नाही. नंतर कुणी बघायला आलं की घरातली माणसंच आधी बोलायची: काळा आहे हो, रडका आहे, नाकाचा पत्ता नाही.

"वर्सभर कोणी तुका बरो म्हणूक नाय," आई म्हणाली. "मीपण नाय."

मग मला एक गोष्ट लक्षात आली जी एकोणीस वर्षं नाकासमोर होती. आई मला कधीच धोंडू म्हणत नाही. बाबू म्हणते, अरे म्हणते, फार तापली तर मेल्या म्हणते. का, म्हणून विचारलं.

"माझ्या तोंडात येणा नाय ता."

फॉर्म कपाटात राहिला. पुढं त्याची फीही वाढली.

नंतर मात्र मला नादच लागला. आपल्याकडे अशा नावांचं केवढं मोठं गणगोत आहे! दगडू आणि धोंडू सख्खे भाऊ. कोंडू, कोंडाजी, कोंडिबा हे कोंड्यातले. १६७३ साली साठ गडी घेऊन पन्हाळा काबीज करणारा कोंडाजी फर्जंद नावानं माझा चुलतभाऊच लागतो. खानदेशातला सुपडू सुपातला. भिकाजी आणि भिकाबाई देवाकडे भीक मागून मिळालेले. कचरू, केरू, केराबाई घरातल्या केराबरोबर मोजलेले, विदर्भातला उकंडा तर थेट उकिरड्यावरचा. नथू म्हणजे ज्याचं नाक टोचून, नथ घालून त्याला मुलगी म्हणून वाढवलं तो. फकिरा कुठल्या तरी दर्ग्याच्या नवसाचा. प्रत्येक नावात एकच कारस्थान आहे: जो कोणी पोरं न्यायला येतो त्याला वाटावं, हे नेण्याजोगं नाही. यमानं यादी वाचताना बोट पुढच्या नावावर सरकवावं. आजीच्या शब्दांत, "धोंड्याक कोण नजर लावता?"

(आणि तरी त्याच धोंड्याला शेंदूर फासला की आपण नारळ फोडतो. कोकणात कितीतरी देव म्हणजे नाकडोळे नसलेला तांदळाच, म्हणजे बिनघडीव दगड. यातली गंमत आजीला कळत असावी, पण ती कधी बोलली नाही.)

हे नाव गड्यामाणसांचं, हा समज पुढचा. १८५७ चे नानासाहेब पेशवे इंग्रजांच्या कागदांत धोंडूपंत म्हणून येतात. महर्षी कर्वे धोंडो केशव. कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णी, केसरबाई केरकरांच्या शिष्या, ख्याल गायच्या तेव्हा नाव कुणाच्या आड आलं नाही. पोर गमावण्याची भीती पेशव्याच्या वाड्यात आणि कुणब्याच्या खोपटात सारखीच होती. कर्व्यांचं नाव नेमकं कशावरून ठेवलं ते असो, पण जन्म १८५८ चा, शंभराव्या वर्षी भारतरत्न आणि मृत्यू १९६२ साली, १०४ वर्षांचे होऊन. नाव लागू पडलं म्हणायचं!

आता जरा अवघड गोष्ट. लोक धोंडू आणि नकुशी एकाच टोपलीत टाकतात. ऑफिसातल्या त्या पोरानंही विचारलं, "म्हणजे नकोशीसारखंच ना, सर?" नाही रे बाबा. अगदी उलटं. सातारा जिल्ह्यात २०११ साली जिल्हा परिषदेनं २८५ मुलींची नकुशी-नकोशी ही नावं बदलून त्यांना नवी दिली. त्या मुलींना ते नाव मिळालं कारण त्या खरोखरच नको होत्या; तिसरी-चौथी मुलगी झाली, आता पुरे, असं देवाला कळवायचं होतं. मला माझं नाव मिळालं कारण मी इतका हवा होतो की तसं दाखवायची कुणाची छाती होत नव्हती. कागदावर दोन्ही नावं अपमानासारखीच दिसतात. पण एकात घरच्यांनी खरं सांगितलंय, दुसऱ्यात साफ खोटं. त्या मुलींचं नाव बदलायलाच हवं होतं.

धोंडू गेला कुठं, हा तुमचा पुढचा प्रश्न. माझ्या मते त्याला लसीनं घालवलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या देशात जन्मलेल्या हजारातली दोनशेच्या आसपास बाळं पहिला वाढदिवस बघत नसत. १९७७ साली भारत देवीमुक्त जाहीर झाला, मग गोवराची लस आली, बाळंतपणं दवाखान्यात व्हायला लागली. २०२० साली महाराष्ट्रात हाच आकडा हजारी १६ होता. यमाला फसवायचं काम परिचारिकांनी अंगावर घेतल्यावर दगड-धोंडे कामावरून कमी झाले. अर्थात त्याआधीच शहरानं त्यांना लाजवायला सुरुवात केली होती, ते राजपत्र त्याचीच साक्ष.

एके ठिकाणी मात्र हे नाव अजून टिकून आहे: मराठी माणसाच्या मधल्या नावात. ना. धों. महानोर. र. धों. कर्वे. कुठल्याही वाचनालयाच्या कपाटात हात घाला, एखादा धों. सापडतोच. मुलगा नामदेव होतो, रघुनाथ होतो. बाप धोंडोच राहतो. यातल्या र. धों.ची तर मला कमाल वाटते. पोरं जगावीत म्हणून आटापिटा करणाऱ्या पिढीचं नाव बापाचं, आणि मुलानं १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, कॉलेजातली नोकरी घालवली, पुढं 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं.

आमच्या घरी ओ. धों. आहे. मुलगी, ओवी, वय अकरा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं आणि मग वडलांचं नाव लावायचा नियम आल्याचं कळलं तेव्हा ती हळहळली होती. "दहा वर्षं उशिरा यायला हवं होतं मी. आईच्या मागं तुम्ही जरा तरी झाकले गेला असता."

तिचं नाव ठेवताना बायकोनं आणि मी चार महिने घालवले. सोपं हवं, मराठी हवं, वर्गात दुसरी ओवी नको. वर्गात तीन निघाल्या. माझ्या चुलतबहिणीनं यावर उपाय म्हणून मुलाचं नाव थेट मोबाइलच्या अ‍ॅपवरून घेतलं. अ‍ॅप म्हणतं त्याचा अर्थ विष्णूचा अंश. संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या आमच्या एक मावशी म्हणाल्या, "यातला अंश तेवढा ओळखीचा वाटतो." बारशाला पाळण्यामागे नावाची थर्माकोलची अक्षरं, त्यावर दिवे, आणि कुर्र होण्याआधी फोटो सगळीकडे गेलेला. माझ्या आजीला पोर लपवायचं होतं, आम्हाला दाखवायचंय. नावं त्याप्रमाणे बदलली, यात नवल नाही आणि माझी तक्रारही नाही. जुनी नावं परत येतायत म्हणतात. सई आली, जिजा आली, रमा आली. धोंडू येणार नाही. येऊही नये, तो ज्याच्या मागून यायचा ते फार वाईट होतं.

एक शेवटचं सांगतो आणि थांबतो. २०१९ साली आम्ही घोडबंदर रोडला बाविसाव्या मजल्यावर घर घेतलं. वास्तुशांतीला चाळीतले, ऑफिसातले, डोंबिवलीचे, सगळे आले. एका खिडकीतून येऊरचा डोंगर, दुसरीतून खाडी. लोकांची तोंडं थकेनात. केवढा हॉल, काय वारा, नशीब काढलंस बघ, चाळीतून थेट बाविसावा! मेहुणा तर म्हणाला, "भावजींना आता काय कमी आहे?"

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आईचा आवाज आला. खणखणीत, अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असा.

"रे धोंड्या! हयसर ये, पानां मांडूक घे!"

चाळीस वर्षांत पहिल्यांदा. मी वळून बघितलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. कौतुक करणाऱ्यांकडे एकेक करून बघत होती. मी मुकाट्यानं जाऊन पत्रावळ्या घेतल्या.

रात्री पाहुणे गेल्यावर तिनं मला देवासमोर बसवलं, मूठभर मीठ-मोहरी आणि सात लाल मिरच्या माझ्यावरून उतरवल्या आणि गॅसवरच्या तापल्या तव्यात टाकल्या. मिरच्यांचा ठसका नव्या घरात कोंडला. "बाबू, खिडकी उघड," ती खोकत म्हणाली. मी खिडकी उघडेपर्यंत बायकोनं बाहेरचं दार उघडलं, धूर लॉबीत गेला आणि अलार्म वाजायला लागला. खालून इंटरकॉम आला. काही नाही, पूजा होती, म्हणून मी सांगितलं. वॉचमनला रजिस्टरमध्ये नोंद करायची होती, त्यानं नाव विचारलं.

"धोंडू."

"आपका नहीं," तो म्हणाला, "मालिक का."